त्रास थांबला, पण पोराचा राग थांबत नाहीये (नाशिक)

गोदाकाठची | १२ जून, रात्री ११:४२

नमस्कार. चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे, लिहितेय आज पहिल्यांदा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा पंधराचा, यंदा दहावीला. लहानपणापासून अडखळत बोलतो. सगळीकडे नाही, 'क' आणि 'प'वर अडतो, आणि नेमकं आमचं आडनाव 'क'वरून. मागच्या वर्षी क्लासमधल्या तिघांनी त्याला धरला. आधी हजेरीच्या वेळी मागून कोंबडीचे आवाज. मग एकदा तो सरांना उत्तर देत असताना एकाने मोबाईलवर शूट केलं. त्यातला एक क्षण कापून स्टिकर बनवला. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं, मानेची शीर ताणलेली, आणि खाली लिहिलंय 'लोडिंग'. ग्रुपवर कुणी उशिरा उत्तर दिलं की हा स्टिकर टाकायचा, अशी पद्धतच पडली.

मला हे सात महिन्यांनी कळलं. तेही त्याच्याकडून नाही, भाचीच्या मोबाईलवर दिसलं म्हणून. ती नाशिकरोडला वेगळ्या शाळेत आहे, तिथपर्यंत पोचला होता. तिने दादाला ओळखलं होतं आणि त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसली होती.

मग क्लासवाल्यांकडे गेलो. सरांनी तिघांना बोलावून 'सॉरी म्हणा, हात मिळवा' केलं. आम्ही महिन्याभरात क्लास बदलला. नवा क्लास चांगला आहे, त्रास थांबला, खरंच थांबला. मला वाटलं, सुटलो.

आता गेल्या रविवारची गोष्ट. दीर-जाऊ आले होते. त्यांचा सहा वर्षांचा धाकटा खिडकीत कावळ्याला पोळी घालत होता. "क-क-काऊ, ये, क-क-काऊ" असं लाडात चाललेलं. माझा मुलगा आतून आला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. गालावर चार बोटं उठली हो. मग स्वतः बाथरूममध्ये कोंडून घेतलं आणि भिंतीवर हात आपटत बसला. बाहेर आला तेव्हा बोटांची सालटं निघालेली.

जो वर्षभर कुणाला उलट शब्द बोलला नाही, तो आता घरात सगळ्यांवर भडकतो. मिस्टर म्हणतात वयाचा भाग आहे. मला तसं वाटत नाही. कुणी यातून गेलंय का?

तर्रीबाज | १२ जून, रात्री ११:५८

ताई, पोटात कालवलं वाचून. 'लोडिंग'. कार्टी हुशारी लावतात तरी कुठे.

आमच्यावेळी_६५ | १३ जून, सकाळी ६:१०

आमच्या वेळी हे बुलिंग-बिलिंग नव्हतं. मला चौथीत 'टकल्या' म्हणायचे, एकाला मधल्या सुटीत धरून ठेवून दिली, विषय संपला. तुमच्या मुलाने म्होरक्याला एकदा गाठून हाणायला हवा होता. तेव्हा नाही हाणला म्हणून आता लहानग्यावर निघतंय.

तर्रीबाज | १३ जून, सकाळी ८:३०

काका, म्होरक्याला हाणेल हो, पण स्टिकरला कुठे हाणायचं?

पासधारक_पंचवटी | १३ जून, सकाळी ९:०५

(गाडीत उभ्याने टाइपतोय, इगतपुरीपुढे रेंज जाईल.)

काकांचा दुसरा मुद्दा पटला. नाशिककर आहात ना ताई? गंगापूर धरण भरलं की थोडा थोडा विसर्ग करावाच लागतो. अडवून ठेवलं आणि एकदम दरवाजे उघडले की गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडतो आणि सराफ बाजारात पाणी शिरतं. रागाचंही तेच. घरात बॉक्सिंग बॅग टांगा. रोज संध्याकाळी त्या तिघांची तोंडं डोळ्यासमोर आणून बडव म्हणावं. रिकामा होईल.

डॉ_निशाचर | १३ जून, दुपारी २:२०

मनोविकारांचा डॉक्टर आहे. इथे कुणाच्या मुलाचं निदान करणार नाही, पण वरच्या सल्ल्यावर गप्प बसवत नाही.

धरणाची उपमा सुंदर आहे आणि चुकीची आहे. पाणी सोडलं की धरणातलं कमी होतं. राग 'सोडला' की वरून पाऊस वाढतो. २००२ साली अमेरिकेत ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रयोग ६०० विद्यार्थ्यांवर केला. त्यांनी लिहिलेल्या निबंधावर बोचरी टीका करून त्यांना आधी चिडवलं. मग एका गटाला टीका करणाऱ्याचा चेहरा आठवत बॅगेवर ठोसे मारायला लावले, दुसऱ्याला व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितले, तिसऱ्याला दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. चेहरा आठवत ठोसे मारणारे सगळ्यांत जास्त संतापलेले निघाले. सूड घ्यायची संधी दिली तेव्हा सगळ्यांत कमी आक्रमक होते ते नुसते बसलेले. बॅग वाईट नाही, पासधारक. चेहरा वाईट.

या मुलाच्या डोक्यात स्टिकर दिवसातून पन्नास वेळा उघडत असणार. प्रत्येक वेळी नव्याने. काम तिथे आहे.

ताई, दोन गोष्टी मात्र आजच विचारा. झोप कशी आहे? आणि 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलतो का? स्वतःला इजा करायची भाषा, दप्तरात चाकू-बिकू ठेवणं, जेवण तुटणं, यातलं काहीही असेल तर धाग्यावर वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. मुलाला स्वतःलाच बोलायचं असेल तर चाइल्डलाइन १०९८ आहे. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्येही मनोविकाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. लाज नको.

गोदाकाठची | १३ जून, दुपारी ४:१५

डॉक्टर, झोप उशिरा लागते पण लागते. दुसरं विचारलं. आधी चिडला, मग म्हणाला, "तसलं काही नाही, मला त्यांनी नसावं असं वाटतं." हे ऐकून बरं वाटावं की भीती, कळेना.

डॉ_निशाचर | १३ जून, दुपारी ४:४०

तुम्ही विचारलंत आणि त्याने खरं उत्तर दिलं, यात बरं वाटण्यासारखं बरंच आहे. 'वाटतं' आणि 'करणार' यांच्यात अंतर असतं, ते लक्षात ठेवून कान उघडे ठेवा.

मातीतला | १३ जून, रात्री ९:३०

जुन्या नाशकातला आहे. अकरावीत मी असाच पेटलेला होतो, कारण वेगळं (जात, पण तो विषय इथे नको). काकांनी तालमीत नेलं. माझ्या डोक्यात एकच, दोन डाव शिकायचे आणि त्या अमक्याला चौकात आडवा करायचा. वस्तादांनी तोंड बघूनच ओळखलं. म्हणाले, "तापून आलायस. तापलेल्याला मी हौदात, कुस्तीच्या मातीत, उतरू देत नाही. आधी माती खण."

पंधरा दिवस नुसतं फावडं. आखाड्याची लाल माती खणायची, ढेकळं फोडायची, त्यात ताक, तेल, हळद मिसळायची, परत खणायची. हाताला फोड. मग महिनाभर जोर-बैठका. मग कुठे हौदात, तर तिथे पहिली शिकवण पडायची. मान कशी सांभाळायची, पाठ कशी टेकवायची, पडल्यावर श्वास कसा धरायचा नाही. रोज वीस-पंचवीस वेळा पडायचो आणि कुणी हसायचं नाही. तिथे सगळेच पडतात.

त्या अमक्याचं काय झालं? काही नाही. दोनेक वर्षांनी रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उडी मारली तर पाण्यात शेजारी तोच. दोघेही रंगाने माखलेले, त्याने मला ओळखलंही नसेल. मी ओळखलं. हात उचलावासा वाटला नाही, एवढंच. मित्र वगैरे झालो नाही.

तेव्हा डॉक्टरांना अनुमोदन. राग काढायला तालमीत जाऊ नका. घाम काढायला जा.

पासधारक_पंचवटी | १३ जून, रात्री १०:१०

उपमा मागे घेतो. बॅगेची ऑर्डर टाकली होती स्वतःसाठी, तीही रद्द करतो. (साहेबांचा फोटो लावणार होतो.)

उन्हाळी_आंबट | १४ जून, रात्री १:०५

वय १९, कॉलेज रोडला शिकते. मुलींचं थोडं सांगते कारण वर सगळं हाणामारीचंच चाललंय.

मला कुणी हात लावला नाही, नाव ठेवलं नाही. नववीत आमचा सात जणींचा ग्रुप होता. एका सोमवारी त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. का, ते आजही माहीत नाही. मी बाकावर बसले की शेजारची दप्तर उचलायची. डब्याच्या वेळी गोल करायच्या आणि माझ्या बाजूला पाठ यायची, पण इतकी सहज की बाईंना सांगणार काय? "बाई, त्यांची पाठ माझ्याकडे आहे"?

आणि आमच्याकडे मुलीला राग येत नाही, मुलीचं डोकं दुखतं. दोन वर्षं दुखत होतं. चष्म्याचा नंबर तपासला, सायनसचे फोटो काढले, सगळं झालं. शेवटी एका समुपदेशक मावशींनी एवढंच विचारलं, "कुणाचा राग आलाय?" आणि मी पाऊण तास रडले. त्यांनी लिहायला सांगितलं. बाबांची विमा कंपनीची जुनी डायरी घेतली आणि रोज रात्री सातही जणींना शिव्या. चौथ्या-पाचव्या दिवशी शिव्या संपल्या आणि भलतंच येऊ लागलं. की आठवीत आम्ही सगळ्यांनी मिळून एकीला असंच टाकलं होतं, आणि त्यात मी होते. ते पान फाडलं. मग परत लिहिलं.

डॉ_निशाचर | १४ जून, सकाळी ७:५०

आंबट, हे लिहिलंस ते फार मोलाचं आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिल्यावर लगेच ती मुलं जास्त उदास दिसली, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. गुण लिहून मोकळं होण्यात नसून गोष्टीला मागचा-पुढचा धागा सापडण्यात असावा, असं पुढच्या कामावरून दिसतं. तुझ्या शिव्या संपल्या तिथे तो सापडायला लागला. पण कुणाला लिहून त्रास वाढतोय असं दिसलं तर थांबावं, हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही.

सातपूर_सेकंडशिफ्ट | १५ जून, रात्री १:३५

रात्री सुटलो, घरी येऊन वाचलं. काल लिहून खोडलं होतं.

मी त्या तिघांतला आहे. ताईंच्या मुलाला मी ओळखत नाही, पण माझा नंबर त्याच रांगेत लागतो.

आठवी ते दहावी वसतिगृहात होतो. आमच्या खोलीत कळवणकडचा एक बारका होता. रात्री त्याचं अंथरूण ओलं व्हायचं. सकाळी मी त्याची चादर झाडूच्या दांड्याला लावून व्हरांडाभर मिरवायचो. 'झेंडावंदन' म्हणायचो. पोरं ओळीत उभी राहून सलामी द्यायची. वॉर्डन एकदा लांबून बघून हसला, ते मी प्रशस्तिपत्रकासारखं जपलं.

का करायचो? आता कुणी विचारलं तर सांगता येतं की सुटीत घरी गेलो की बाप पट्ट्याने फोडायचा वगैरे. ते खरंच आहे. पण तेव्हा मला मजा यायची, हेही खरं आहे. 'छळणारा पोरगा आतून बिचारा दुखावलेला असतो' असं कुठे वाचलं की मलाच कसंतरी होतं. दुखावलेला होतो आणि मजाही यायची. दोन्ही होतं भो.

अकरा वर्षांनी तो सीबीएसला, एसटी स्टँडवर, दिसला, कळवणच्या गाडीची वाट बघत. हातात मुलासाठी घेतलेली छोटी सायकल, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. मी जाऊन म्हणालो, माफ कर. त्याने माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि म्हणाला, "तुझं ओझं इथे कशाला उतरवतो? माझी गाडी येतेय." गाडी आली. सायकल टपावर चढवायला मी हात लावला तर म्हणाला, "राहू दे."

सहा महिने मी त्याच्यावर चिडून होतो. बघा म्हणजे. आधी चादर घेतली, मग माफी पण त्याच्याकडून ओढून घ्यायला गेलो आणि दिली नाही म्हणून वर राग.

ताई, तुमच्या मुलाला कुणी 'माफ करून टाक, मोकळा होशील' म्हणत असेल तर त्याला गप्प बसवा. आणि ते हात मिळवायचं नाटक झालं ना क्लासमध्ये, त्यात त्या तिघांना काही वाटलं नसणार. मी अशा तीन वेळा हात मिळवलाय. बाहेर आलो की त्याच हाताने टपली मारायचो.

उन्हाळी_आंबट | १५ जून, सकाळी ७:२०

तुमचा प्रतिसाद मला आवडला नाही. दोनदा वाचला.

बाईंचा_डस्टर | १५ जून, दुपारी १२:४५

मधल्या सुटीत लिहितेय. दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, एकवीस वर्षं झाली.

आधी काकांना (आमच्यावेळी) उत्तर. चिडवणं होतंच आणि असणारच, आम्ही शिक्षकही स्टाफरूममध्ये एकमेकांना चिडवतो. नॉर्वेत यावर आयुष्य घालवलेले डॅन ओल्वेयस नावाचे संशोधक होते. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा केलेला, आणि ज्याला प्रतिकार करणं जड जातं अशावर केलेला. तुम्हाला चिडवत असले तरी तुम्ही बरोबरीचे होतात आणि तुम्हाला हाणता आलं. इथे ताकद एका बाजूला आहे. म्हणूनच दोघांना समोरासमोर उभं करून 'मिटवा' म्हणणं चुकतं. समेट बरोबरीच्यांत होतो. इथे मार खाल्लेल्याला परत एकदा मारणाऱ्यासमोर नेऊन उभा करतो आपण.

मी स्वतः हे पाप दहा वर्षं केलंय. दोघांचे कान धरायचे, हात मिळवायला लावायचे, आणि आपण न्यायाधीश झाल्याच्या ऐटीत खडू उचलायचा.

आता मी छळणाऱ्याकडे नंतर जाते, आधी हसणाऱ्यांकडे. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने 'कीवा' नावाचा शालेय कार्यक्रम काढला, त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे. सेकंडशिफ्ट म्हणतात तसं, सलामी द्यायला ओळ उभी राहिली नसती तर झेंडा किती दिवस फिरला असता? गेल्या वर्षी आमच्याकडे एका मुलीच्या फाटक्या दप्तरावरून चाललं होतं. मी हसणाऱ्या पाच जणांना एकेकटं बोलावलं, रागावले नाही. "तिला उद्या बरं वाटावं म्हणून तू एक काय करशील?" एवढंच विचारलं. एकाने सांगितलं, "मी हसणार नाही." दुसरी म्हणाली, "मी तिच्या रांगेत बसेन." एवढ्याने बरंच निवळलं. सगळं नाही. त्या मुलीच्या आईला मी नवं दप्तर देऊ केलं तर तिने घेतलं नाही, तो वेगळाच विषय.

ताई, तुमची भाची. ती गप्प बसली म्हणून तिला बोलू नका. पण ती त्या मुलाला एकदा सांगू शकते की मला तो स्टिकर बघून राग आला होता. वर्षभर त्याला वाटत असणार की अख्खं नाशिक हसतंय.

घंटा झाली.

काळा_कोट | १५ जून, संध्याकाळी ६:००

थोडक्यात कायद्याचं. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि तो फक्त कॉलेजपुरता आहे हा गैरसमज. त्यातल्या 'शैक्षणिक संस्थे'च्या व्याख्येत वसतिगृहं आणि शिकवणी वर्गही येतात. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पंधरा वर्षांच्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, त्यामुळे कलमं पोरांना घाबरवायला वापरू नका, क्लासवाल्याला जागं करायला वापरा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि स्टिकर डिलीट करू नका! सगळे आईबाप पहिलं तेच करतात. तारखेसकट स्क्रीनशॉट काढून आपल्याकडे ठेवा. मुलाच्या मोबाईलमध्ये नको, तुमच्या.

क_वरून | १५ जून, रात्री १०:५०

मीही अडखळतो. ३४ वर्षांचा आहे, बँकेत काउंटरला बसतो. हो, काउंटरला. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण अडखळतो, त्यामुळे आठवड्यातून एखादा खातेदार माझ्यासारखाच येतो आणि आम्ही दोघं मिळून रांग अडवून धरतो.

ताई, एक प्रश्न आहे, रागावू नका. तो अडला की त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करता का?

माझी आई करायची. प्रेमापोटी. दुकानात मी 'प-प' करू लागलो की ती "पाव किलो साखर" म्हणून मोकळी. मला साखर नको असायची, पोहे हवे असायचे. घरी साखर यायची. पोरांचा राग होताच, पण तो सरळ होता, कळणारा होता. आईचा राग येतोय हे मला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत कळलं नाही. येऊच कसा शकतो, ती तर माझ्या बाजूची.

अडखळणं घाबरटपणामुळे होत नाही आणि 'सावकाश बोल, श्वास घे' म्हटल्याने जात नाही. उलट समोरचा आपल्या अडण्यावर नजर ठेवून आहे हे अजून कळतं. चांगला स्पीच थेरपिस्ट मिळाला तर फरक पडतो. मला पडला, पूर्ण गेलं नाही. आता अडतो तेव्हा समोरच्याच्या डोळ्यात बघत अडतो. तो पहिल्यांदा नजर खाली घालतो तेव्हा जरा गंमत वाटते.

तर्रीबाज | १५ जून, रात्री ११:२०

आज पहिल्यांदा या संस्थळावर एकही जण राजकारणावर गेला नाही. तारीख लिहून ठेवतो.

गोदाकाठची | १८ जून, रात्री ११:१५

तीन दिवस आले नाही, कारण 'क_वरून' यांचा प्रतिसाद वाचून मोबाईल बाजूला ठेवला.

हो. करते. इतकी वर्षं करतेय. शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांत. मला वाटायचं मी त्याला वाचवतेय. त्या दिवशी मोजलं, सकाळपासून दुपारपर्यंत अकरा वेळा.

काल रात्री वीज गेली होती, पाऊस होता. गॅलरीत दोघंच बसलो होतो. डॉक्टरांच्या आणि आंबटच्या सांगण्यावरून मी विचारलं, "तुला नेमका राग कुणाचा येतो?" वाटलं होतं तिघांची नावं घेईल. तो 'क'वर अडला. मी दात आवळून गप्प. खूप वेळ गेला असं वाटलं, दहाएक सेकंदच असतील. मग म्हणाला, "क-क-क्लास मी का सोडला? चूक त्यांची होती ना? मग मी का गेलो? तुम्ही मला विचारलंपण नाही."

खरंच नव्हतं विचारलं. आम्ही दोघांनी रात्री बसून ठरवलं, फी बुडाली तरी चालेल म्हणालो, आणि सकाळी त्याला सांगितलं. आम्हाला तो त्याग वाटला होता. त्याच्या लेखी त्यालाच हाकलला होता. ती तिघं अजून तिथेच, त्याच बाकावर. आणि ते हात मिळवणं. म्हणाला, "त्याचा हात ओला होता. तो हसत होता. पप्पा पण म्हणाले, शाब्बास." मिस्टरांना आज हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून गाडी पुसत बसले.

मातीतला | १९ जून, सकाळी ६:३०

मिस्टरांना गाडी पुसू द्या. आमच्याकडे माती खणतात, तसंच आहे ते.

गोदाकाठची | ७ जुलै, रात्री १०:३०

बऱ्याच जणांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं म्हणून लिहितेय.

काळा_कोट यांनी सांगितलं तसा लेखी अर्ज दिला. यावेळी त्याला विचारून, आणि मसुदा त्याने वाचला. एक शब्द बदलायला लावला. मी 'दुर्दैवी प्रकार' लिहिलं होतं. तो म्हणाला, "दुर्दैवी काय त्यात, मुद्दाम केलंय." त्याला हवं होतं एवढंच की सरांनी क्लासच्या ग्रुपवर लिहावं की हे चूक होतं. सर आधी म्हणाले जुना विषय कशाला. पोच दाखवल्यावर एका मुलाच्या आईवडिलांना बोलावलं. ग्रुपवर मात्र अजून काही लिहिलेलं नाही. परवा तिसऱ्यांदा जाऊन आले. त्याला हेही सांगितलं, लपवलं नाही. चिडला, दार आपटलं, अर्ध्या तासाने जेवायला आला.

स्टिकर फिरतोच आहे. तो परत येत नाही, हे आता आम्हाला कळलंय. भाचीने बाईंनी सुचवलं तसं त्याला सांगितलं. तो तिच्यावर खूप ओरडला. दोन दिवसांनी तिला गणिताचं काहीतरी विचारायला स्वतः फोन केला.

धाकट्याची माफी त्याने आपण होऊन मागितली, आम्ही सांगितलं नव्हतं. पण धाकटा अजून त्याच्या जवळ जात नाही. कावळा आला की आधी दाराकडे बघतो. त्याला वेळ लागेल.

स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा जातोय. तालीम नको म्हणाला, पण पांडवलेणीच्या पायऱ्या सकाळी मित्राबरोबर चढतो. मित्र आहे, नव्या क्लासमधला. नाव मला अजून सांगितलेलं नाही.

आणि आज. दूधवाल्याकडे हिशेबाला गेलो होतो. तो सांगत होता की प-प-परवा दूध आलंच नव्हतं. आणि माझ्या तोंडून गेलंच, "परवा ना?" त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि दूधवाल्यासमोरच म्हणाला, "आई, थांब. मी बोलतोय." आवाज चढलेला होता. दूधवाला चपापला. मी थांबले. त्याने परवापासून परत सुरू केलं, पूर्ण सांगितलं, साठ रुपये कमी करून घेतले.

क_वरून | ७ जुलै, रात्री १०:५५

साठ रुपये! मला अजून साखरच मिळते.

आमच्यावेळी_६५ | ८ जुलै, सकाळी ६:०५

स्पीच थेरपिस्ट नाशकात कुठे बसतात आणि एका वेळचे किती घेतात? नातवासाठी विचारतोय. तो पाचवीत आहे.

गोदाकाठची | ८ जुलै, सकाळी ७:४०

काका, व्यनि केला आहे.